डोळे मिटून अंगठा

त्या सॉफ्टवेअर टीममध्ये निर्णय डोळे मिटून व्हायचे, अगदी शब्दशः. टीमलीडला सगळे पाठीमागे तोफ म्हणत. तो एकदा धडाडला की बाकीच्यांची वाचाच बसायची. म्हणून कोणीतरी तोडगा काढला होता: सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि अंगठा वर किंवा खाली करायचा. मोजणार मात्र तोफच. दुसऱ्या कोणाची छाती होती?

आज प्रश्न होता इस्पितळातल्या पंपाचा. रुग्णाच्या शिरेत औषध सोडणाऱ्या त्या पंपाचं नवं सॉफ्टवेअर संध्याकाळी सुरू करायचं की नाही? टेस्टिंगवालीला काल तो एका डोसऐवजी दोन सोडताना दिसला होता. एकदाच. नंतर तिने जंग जंग पछाडलं, पण पुन्हा काही ते घडेना. आणि त्याच इस्पितळात, तसल्याच पंपाला, तिचे बाबा जोडलेले होते.

"एकदाच दिसलं म्हणजे तुझाच काहीतरी घोळ असणार," तोफ म्हणाला. "चला, मिटा डोळे."

तिने अंगठा खाली केला आणि न राहवून एक डोळा किलकिला केला. कधी तोंड न उघडणारा मुनी, त्याचाही अंगठा खाली. शेजारच्या डिझाइनवालीचाही खाली! तिचा जीव भांड्यात पडला.

"सगळे वर! एकमत!" तोफ गरजला.

हात भराभर टेबलाखाली गेले. मुनी आणि डिझाइनवाली लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसले. खाली अंगठा आपला एकट्याचाच होता, म्हणून तोफेने तो मोजलाच नाही, असं दोघांनाही वाटलं असणार. तिने मात्र हात टेबलावरच ठेवला.

"परत घेऊया. या वेळी डोळे उघडे ठेवून."

तोफेने एकेकाकडे रोखून पाहिलं आणि स्वतःचा अंगठा वर केला. मुनीचा वर गेला. मागोमाग डिझाइनवालीचा. खाली उरला तिचा एकटीचा.

"तीन विरुद्ध एक. झालं समाधान?"

ती धावत जिन्यात गेली आणि फोन लावला.

"बाबा, तो पंप आजच्या आज काढायला लावा. औषध हाताने द्या म्हणावं. हट्टच धरा!"

"अगं, नव्या सॉफ्टवेअरचं नर्स मघाशीच विचारून गेली," बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "वॉर्डातले सगळे हो म्हणाले. मग मी एकटाच कसा नाही म्हणू?"