दिव्याखाली टांगलेली रंगपट्टी

मित्रांनो, मी तुमच्या हाती लागले तर तुम्ही मला उलटसुलट करून पाहाल आणि केराच्या टोपलीत टाकाल. त्यात तुमची काही चूक नाही. वीतभर लांबीचा, प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक जाड कागद, त्यावर सहा चौकोन, आणि चौकोनांत रंग म्हणावा असा रंगच उरलेला नाही. मी एक जुनी रंगपट्टी आहे. एका मुक्या जिवाची तब्येत कशी आहे ते सांगणे, हे माझे काम होते. ते मी कसे केले ते तुम्हाला सांगते. कौतुकाचा भाग आधी सांगते, कारण तो लवकर संपतो.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे शाई कालवणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे शाईमास्तर म्हणत. गिऱ्हाइकाने नुसते "पिकल्या लिंबासारखा पिवळा हवा" असे म्हटले की मास्तर दोनतीन डबे उघडत, पात्याने काचेवर शाई घोटत आणि पहिल्याच खेपेला तो पिवळा काढून दाखवत. त्यांना आपल्या नजरेचा फार अभिमान होता. अभिमान बाळगावा अशीच ती नजर होती. गिऱ्हाईक माल घेऊन निघाले की मास्तर मागून ओरडून सांगत, "उजेडात टांगून ठेवू नका हं! तांबडा आधी उडतो, मग पिवळा. मग माझ्या नावाने बोंबलत येऊ नका."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मीही ते लक्षात ठेवले होते.

छापखाना बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात मास्तरांनी मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला छापले. ते गिऱ्हाइकाचे काम नव्हते. ते काम त्यांच्या मुलीचे होते. मुलीचे खरे नाव काही का असेना, घरात ती ठकी होती. ठकीने बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर, दोन बादल्या पाणी मावेल एवढी काचेची टाकी ठेवली होती. टाकीत खारे पाणी होते आणि पाण्यात एक प्रवाळ होते. सहा वर्षांपूर्वी तिने नखाएवढा तुकडा आणला होता, तो वाढून आता मुठीएवढा झाला होता. वळ्यावळ्यांचा, कोबीच्या गड्ड्यासारखा दिसायचा म्हणून घरात सगळे त्याला गड्डा म्हणत. सकाळी दिवा लागला की तो अंग फुगवून बसायचा. त्याचा रंग जुन्या विटेसारखा गर्द होता.

ठकी शिकायला दूर निघाली होती. वर्षभर घरी येणे जमणार नव्हते. गड्डा बरोबर नेता येत नव्हता आणि तो दुसऱ्या कुणाला द्यायला तिचे मन धजत नव्हते. तेव्हा मास्तर म्हणाले, "मी आहे ना! आता मला तरी दुसरा काय उद्योग आहे?"

"बाबा, तो ओरडत नाही की कण्हत नाही," ठकी म्हणाली. "त्याचा फक्त रंग उतरतो. तेवढंच त्याचं बोलणं."

तिने समजावून सांगितले. गड्ड्याच्या कातडीत डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते. तेच त्याला रंग देते आणि तेच त्याला पोसते. पाणी गरम झाले किंवा गड्ड्याला उजेड सोसेनासा झाला, की ते शेवाळ हळूहळू निघून जाते. मग तो फिकट पडतो, मग पांढरा, आणि मग उपाशी मरतो. रंग उतरू लागल्याबरोबर लक्षात आले तर वाचवता येतो. फोटोत टाकीच्या दिव्याने सगळेच निळे दिसते, म्हणून फोटोचा उपयोग नाही. मास्तर हसले. रंगाचीच गोष्ट असेल तर ती त्यांच्या घरची होती.

म्हणून त्यांनी आम्हाला छापले. सहा चौकोन काढले. एक नंबर पांढरा, सहा नंबर गर्द विटकरी, मधले पायरीपायरीने. गड्डा त्या दिवशी बरोबर पाच नंबरचा होता. माझी बहीण ठकीने आठवण म्हणून आपल्या जाड पुस्तकात ठेवली आणि बरोबर नेली. मी घरी राहिले. निघताना ठकीने बजावले, "दर रविवारी दहा वाजता पट्टी पाण्यात त्याच्या शेजारी धरा. दोघांवर एकच उजेड पडला पाहिजे. नंबर मला फोनवर सांगा. आणि पट्टी पुसून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा."

पहिले दोन महिने सगळे शिस्तीत चालले. रविवारी मास्तर दाढी करून, बाह्या दुमडून टाकीशी उभे राहत. जणू मोठे साहेब तपासणीला आले आहेत. मला पाण्यात धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, "पाच! शंभर टक्के पाच!" मग फोन. पलीकडून ठकीचा हसण्याचा आवाज यायचा. माझी तर छाती फुगून जायची. पाहुणे आले की मास्तर मला काढून दाखवत. पुन्हा पुन्हा खालच्या ड्रॉवरपर्यंत वाकायचे म्हणजे त्यांचा गुडघा कुरकुर करी. एके दिवशी त्यांनी माझ्या कोपऱ्याला भोक पाडले, दोरा ओवला आणि मला टाकीच्या दिव्याच्या आकड्याला टांगून टाकले.

"हाताशी बरी," ते म्हणाले. खरे सांगू? पाहुण्यांनी आल्याआल्या पाहावे, हाही हेतू होता. आणि खरे सांगायचे तर मलाही ती जागा आवडली.

तिसऱ्या महिन्यात जुना दिवा बंद पडला. शोभेच्या माशांच्या दुकानवाल्याने नवा दिला. "काका, हा दुप्पट ताकदीचा आहे. उजेड जितका जास्त तितकं प्रवाळ खूश!" मास्तरांनी तो त्याच आकड्याला लावला. फोनवर ठकी म्हणाली, "बाबा, नवा दिवा असेल तर उंच टांगा हं. आणि सुरुवातीला थोडेच तास लावा." मास्तर "हो हो" म्हणाले आणि दुसऱ्या गोष्टीकडे वळले. उंच टांगायला भिंतीत नवा खिळा ठोकावा लागला असता.

तो दिवा रोज दहा तास आमच्या डोक्यावर पेटू लागला. पाण्यात गड्डा आणि पाण्यावर मी. पहिल्या आठवड्यातच माझ्या अंगातला तांबडा उडायला लागला. मला ते कळत होते. आणि खाली गड्ड्याचे शेवाळ एकेक करून त्याला सोडून चालले होते, तेही मला दिसत होते. आम्ही दोघे एकाच दिव्याखाली, एकाच चालीने विटत होतो.

रविवारी मास्तर मला त्याच्याशेजारी धरत. त्याचा रंग किंचित उतरलेला असे, आणि माझ्या पाच नंबरचाही तेवढाच. दोन्ही रंग तंतोतंत जुळत. "पाच!" मास्तर म्हणत.

मित्रांनो, माझ्यावर छापलेला पाचचा आकडा काळ्या शाईचा होता. काळा उडत नाही. रंग निघून गेला तरी आकडा ठणठणीत राहिला. मला ओरडून सांगायचे होते, मास्तर, हा पाच नाही, मी पाच राहिलेच नाही! पण पट्टीला तोंड नसते.

एका माणसाला मात्र दिसत होते. टाकीतले पाणी रोज थोडे आटते. सकाळी तेवढे गोडे पाणी घालून रेघेपर्यंत आणायचे काम ठकीच्या आईकडे होते. तिला ना पट्टीचे कौतुक, ना नंबराचे. ती तांब्याने सावकाश पाणी घालायची आणि गड्ड्याकडे पाहायची. पाचव्या महिन्यात एका सकाळी तिने हाक मारली.

"अहो, गड्डा फिकट दिसतोय."

मास्तर उठून आले. मला दोऱ्यावरून काढले, पाण्यात धरले. "हे बघ. पाच. कुठे फिकट?"

"पट्टीचं मला माहीत नाही. गड्डा फिकट दिसतोय."

"अगं, चाळीस वर्षं रंगात घालवली मी. डोळ्यांना काय, रोज वेगळं दिसतं. म्हणून तर पट्टी करतात माणसं!"

ती तांब्या उचलून आत गेली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा म्हणाली. मग तिने फोनवर ठकीला सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा मास्तरांनी हसत हसत फोन काढून घेतला. "आईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. तिचा चष्मा बदलायला झालाय."

आणि खरोखरच ते तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आले तेव्हा मास्तरांचे तोंड जरा उतरले होते. डॉक्टरांनी सांगितले होते, बाईंची नजर अगदी उत्तम आहे. मास्तर चपला काढता काढता पुटपुटले, "त्यांचा तक्ता काळ्या अक्षरांचा. त्यांना रंगातलं काय कळतंय?"  त्यानंतर ठकीची आई त्या विषयावर कधीच बोलली नाही. रोज पाणी मात्र घालत राहिली, आणि पाणी घालताना हल्ली ती टाकीकडे न पाहता भिंतीकडे पाहायची.

गड्डा दिवसा अंग फुगवेनासा झाला. त्याच्या वळ्यांमधून खालचा हाडासारखा सांगाडा दिसू लागला. कडेने दुसरेच हिरवे केसाळ शेवाळ धरले. मास्तरांनाही आतून काहीतरी कळत असावे, असे मला वाटते. कारण आता ते मला फार वेळ धरून ठेवत. मान इकडे करत, तिकडे करत. पण मी तरी काय सांगणार? मी आपली जुळत होते. अकराव्या महिन्यात एका रविवारी ते फोनवर "पाच" म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. मग घाईने म्हणाले, "फार तर साडेचार."

त्याच आठवड्यात ठकी आली. सुट्टी नऊ दिवसांचीच होती. बॅग दारातच ठेवून ती चपलांसकट टाकीपाशी आली आणि थांबली. 

"बाबा, किती म्हणालात?"

"साडेचार," मास्तर म्हणाले. "तू स्वतः बघ ना." त्यांनी मला पुढे केले.

ठकीने बॅगेतले जाड पुस्तक काढले. त्यातून माझी बहीण निघाली. मित्रांनो, वर्षभराने मी तिला पाहिले आणि मला माझी लाज वाटली. ती जशीच्या तशी होती, गर्द, ताजी, जणू शाई अजून ओली आहे. ठकीने आम्हा दोघींना पाण्यात गड्ड्याच्या दोन बाजूंना धरले. माझ्या बाजूने तो साडेचार होता. बहिणीच्या बाजूने तो दोन होता, आणि दोनही जेमतेम.

मास्तर पाहत राहिले. त्यांची दुमडलेली बाही सुटून पाण्यात भिजत होती, तेही त्यांच्या लक्षात आले नाही. "तांबडा आधी उडतो," ते म्हणाले. एवढेच म्हणाले.

ठकी रडली नाही की रागावली नाही. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही खोटं नाही सांगितलंत. जे दिसलं तेच सांगितलंत." ती चिडली असती तर फार बरे झाले असते.

मग तिने दिवा उंच केला. खिळा ठोकायला तिला दोन मिनिटे लागली. दिव्याखाली पातळ कागद लावला, पाणी बदलले, बारीक नळीने गड्ड्याला खाणे भरवले. नऊ दिवस ती टाकीशेजारच्या खुर्चीवरून हलली नाही. शेवटच्या सकाळी पाण्याच्या प्रवाहाने गड्ड्याची कातडी साय निघावी तशी निघाली आणि टाकीभर तरंगत फिरली. सहा वर्षांत वाढलेला जीव दुपारपर्यंत नुसता दगड झाला. ठकीची आई दारात उभी होती. "मी सांगत होते" असे ती म्हणाली नाही. संध्याकाळी ठकी निघून गेली, आणि माझी बहीण टेबलावरच ठेवून गेली.

आता टाकी कोरडी आहे. मास्तरांनी आम्हा दोघींना काळ्या कागदात गुंडाळून, पाकिटात घालून खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवले आहे. आता मला फार जपतात. जिथे मी पहिल्या दिवसापासून असायला हवे होते तिथे मी आता आहे, आणि आता माझ्याशेजारी धरून पाहावे असे घरात काही उरलेले नाही. मास्तरांचा नजरेवरचा विश्वासच उडाला आहे. भाजी चिरताना विचारतात, "हा टोमॅटो लाल आहे ना गं?" सदरा घालताना विचारतात, "हा निळाच ना?" चाळीस वर्षांची ती नजर! माझ्यापायी गेली.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. ज्या मापाने तुम्ही दुसऱ्याला मोजता, ते माप सांभाळून ठेवा, आणि अधूनमधून तेही तपासून पाहा. आणि घरातले कुणी रोज पाणी घालणारे माणूस "फिकट दिसतंय" असे म्हणाले, तर त्याला डॉक्टरकडे नेण्याआधी एकदा त्याच्याशेजारी उभे राहून पाहा. तुम्हाला तरी उशीर होऊ नये.

रविवारी दहाला फोन अजून वाजतो. ड्रॉवरमध्ये मला सगळे ऐकू येते. मागच्या रविवारी ठकीने विचारले, "बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

 मास्तर म्हणाले, "मी काय सांगू? आईला विचार. तिला दिसतं."

फोन आईच्या हातात गेल्याचा आवाज आला. ती नवऱ्याकडे पाहत असावी, कारण खुर्ची वळवल्याचाही आवाज आला.

"फिकट दिसतायत गं," ती म्हणाली.