माळ्यावरची बोटीची झाप

भर ऑगस्टात, दुपारी, अल्सीडच्या माळ्यावर चोपन्न अंश तापमान होतं आणि थंड हवेच्या नळ्या नेमक्या तिथूनच गेल्या होत्या. नोएलीनं शिडीवरून वर डोकावून पाहिलं, मान पुसली आणि खाली उतरली. न्यू ऑर्लिन्समधल्या बहुतेक जुन्या घरांची हीच गत. हवा गार करायची आणि घरातल्या सगळ्यात तापलेल्या जागेतून फिरवून खोल्यांत सोडायची. वाटेत ती कोमट व्हायची, काही सांध्यांतून गळायची. जेवढी गळेल तेवढीच बाहेरची दमट हवा दाराखिडक्यांच्या फटींतून घर आत ओढून घ्यायचं.

"पॅरॅन, तुमचं यंत्र दिवसभर राबतंय आणि गारवा मिळतोय वरच्या उंदरांना."

"उंदरांची काही तक्रार नाही," अल्सीड खुर्चीतून म्हणाला.

तो तिचा पॅरॅन, धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच तिला हातावर घेतलं होतं. उभा जन्म गोदीत बोटींचं सुतारकाम करण्यात गेला. आता पंचाहत्तरीला टेकलेला, पायांवर सूज, हृदय थकलेलं. या उन्हाळ्यात तो स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडला, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की घर गार ठेवा, नाहीतर दुसरं घर बघा. ह्यूस्टनला राहणारी त्याची मुलगी कार्लीन तर त्याच्यासाठी खोली रंगवून बसली होती. अल्सीडला मात्र हे घर सोडायचं नव्हतं.

नोएली पदार्थविज्ञान शिकलेली. घरांतली हवा कुठून निसटते ते मोजणं हेच तिचं काम. तिच्या मते उपाय सरळ होता. माळ्यावर वारं खेळतं ठेवायची रीत सोडायची. वळचणीखालची भोकं बुजवायची, भिंतीतला लाकडी पट्ट्यांचा झरोका बंद करायचा आणि छपराला आतून उष्णता अडवणाऱ्या, वाळून घट्ट होणाऱ्या फेसाचा जाड थर फवारायचा. मग माळा घराच्याच पोटात येतो आणि नळ्याही.

"वळचण बुजव," अल्सीड म्हणाला. "झरोक्याला हात लावायचा नाही."

"झरोका उघडा ठेवला तर बाकीचं सगळं फुकट जाईल. बादलीला एकच भोक ठेवण्यासारखं आहे ते."

"बादलीचं मला नको सांगू, चेर, माझ्या लाडके. अख्खं घर बुडालेलं पाहिलंय मी."

चक्रीवादळात शहराचे बंधारे फुटले त्या वर्षी अल्सीड आणि त्याची आता हयात नसलेली बायको लूडी पाण्याच्या पुढे पुढे चढत या माळ्यावर आली होती. त्यानं लाथा घालून झरोक्याच्या पट्ट्या मोडल्या. त्या भोकापाशी दोघं आळीपाळीनं तोंड नेऊन श्वास घेत राहिली, आणि शेवटी कुणाच्या तरी होडीनं त्यांना उतरवून घेतलं. तेव्हापासून गल्लीतल्या बहुतेक माळ्यांवर छप्पर फोडायला कुऱ्हाड टांगलेली असते.

"कुऱ्हाड आहे की तुमच्याकडे," ती हळूच म्हणाली.

"आहे. आता उचलायला गेलो तर तीच मला घेऊन खाली येईल."

हा म्हाताऱ्याचा हट्ट नव्हता. तिच्या गणितात उष्णता होती, दमटपणा होता, पण पाणी कुठेच नव्हतं. घरी जाऊन तिनं गणित नव्यानं मांडलं. झरोक्याच्या जागी दार हवं. बंद असताना हवेचा कणही न सोडणारं आणि आतून थकलेल्या हातालाही उघडणारं. दोन दिवसांनी ती चित्र घेऊन आली.

अल्सीडनं चष्मा लावला. "बिजागऱ्या वर का?"

"पाऊस आत येणार नाही म्हणून."

"आणि मी ते दार डोक्यावर पेलत बाहेर निघू? बिजागऱ्या खाली घे. खटके सोडले की आपल्याच वजनानं बाहेर पडेल. पावसासाठी वर छज्जा काढू." त्यानं चित्रावर बोट टेकवलं. "हे दार नाही गं, झाप आहे ही. बोटीच्या तोंडावर घट्ट बसणारी. अशा शंभर तरी केल्यात मी."

मग गॅरेजमध्ये काम सुरू झालं. सायप्रसचं लाकूड, मधे उष्णता अडवणारा थर तिच्या मापाचा, कडेनं रबराची पट्टी, आवळून धरणारे चार खटके. तो रंधा मारताना मधे मधे बसायचा, आणि तेवढ्या वेळात ती कडा मोजायची.

"मापं घेऊन लाकूड लांब होत नसतं," तो म्हणायचा.

झाप बसली, तेव्हा फेस फवारायच्या आधी एका पहाटे तो सावकाश शिडी चढून एकटाच वर गेला. खालून शिडी काढून घे म्हणाला, म्हणजे बाहेर पडायला झापच उरेल. नोएली अंगणात उभी राहिली. बराच वेळ काही घडलं नाही. मग खटक्यांचा आवाज झाला, झाप बाहेर पडली आणि चौकटीत अल्सीडचं डोकं आणि खांदे दिसले. तो गल्लीकडे पाहत होता. नोएलीकडे पाहायला त्याला वेळ लागला.

"मार तुझा फेस," तो म्हणाला.

फेस वाळल्यावर तिनं पुढच्या दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचली आणि धुराची नळी झापेच्या कडेनं फिरवली. धूर जागचा हलला नाही.

"गोदीत माझी झाप गळली असती तर मला घरी बसवलं असतं," अल्सीड खालून म्हणाला.

"थांबा. पंखा उलटा लावते."

"का? पास झालो ना?"

"आत्ता घर झापेला आत ओढतंय, त्यामुळे ती चौकटीवर आपोआप घट्ट बसतेय. बाहेर ढकलून बघितल्याशिवाय खरं कळणार नाही."

पंखा उलटा फिरला, तशी डाव्या खालच्या कोपऱ्यात धुराची बारीक रेघ बाहेर सरकली. तो चिडेल असं तिला वाटलं. तो श्वास घेत घेत वर आला, ती रेघ पाहिली आणि कानामागची पेन्सिल काढून कोपऱ्यावर खूण केली.

"तू आमची मुकादम असतीस तर मी नोकरी सोडली असती," तो म्हणाला. चार जणांत मानानं वागवला गेलेला हा कारागीर चूक दिसताच आधी पेन्सिल काढतो, हे पाहून नोएलीला आपल्या कॉलेजातले कित्येक विद्वान आठवले, ज्यांनी आधी धुराला दोष दिला असता.

दुसऱ्या दिवशी कोपरा तासून झाला. धूर दोन्हीकडून थांबला.

त्या आठवड्यात दुपारी घरात चोवीस अंश होते, माळ्यावर सव्वीस, आणि यंत्र मधे मधे चक्क थांबत होतं. पहिल्यांदा ते बंद झालं तेव्हा अल्सीडनं वीज गेली समजून दिवा लावून पाहिला.

शनिवारी कार्लीन वडिलांचं सामान भरून न्यायला गाडीभर रिकामी खोकी घेऊन आली. राजमा-भात झाला. मग आईच्या काही वस्तू बघते म्हणून ती माळ्यावर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही.

"कार्लीन," अल्सीडनं हाक मारली, "वर झोपलीस की काय?"

"गारव्यात बसलेय," वरून उत्तर आलं. "पप्पा, इथे वर ठेवायचं काही असेल तर खोकी वर द्या."