कोरडा जोड

मिस्त्रींनी नळीच्या एका टोकात लाकडी खुंटी ठोकली, दुसऱ्या टोकातून बारीक वाळू ओतली आणि नळी कानाशी नेऊन हलवली. आत खुळखुळलं, तशी आणखी चिमूटभर घातली. वाळू गच्च भरल्याशिवाय तांब्याची नळी गोल वाकत नाही, वळणावर चेपते. ही वाळू त्यांनी सकाळी बायकोच्या कढईत भाजून कोरडी केली होती, आणि त्यावरून जे ऐकायचं ते ऐकूनही झालं होतं.

"धर," ते म्हणाले.

मुलीने झाळकामाचा दिवा पेटवला आणि ज्योत नळीवर फिरवायला सुरुवात केली. तांबं आधी काळवंडलं, मग मंद लाल झालं.

"पुढं सरक. एका जागी रेंगाळू नकोस."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत असतं तर एवढ्या लांबून नळ्या घेऊन आली असतीस?"

ती नुसती हसली. मिस्त्रींनी हातात जाड मोजे चढवले, नळी ठोकळ्याच्या खोबणीत टेकवली आणि एका दमात ओढली. काटकोन झाला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरून पाहिला आणि नळी बाजूला ठेवली. म्हणजे मनासारखा झाला होता.

ही शेवटची नळी होती. मुलगी दूरच्या शहरात सिनेमांसाठी संगणकावर चित्रं हलती करायची. कामात तिचा संगणक इतका तापायचा की पंख्यांनी भागेना. म्हणून तिने नवा जुळवायला घेतला होता, ज्याच्या आतून नळ्यांतलं पाणी फिरणार आणि उष्णता बाहेर नेणार. महिन्यापूर्वी तिचा फोन आला होता, "बाबा, तांब्याची नळी वाकवायची आहे. मला नाही जमत." मिस्त्री "बघू" एवढंच म्हणाले, फोन ठेवला आणि थेट माळ्यावर चढून अवजारांची पेटी खाली उतरवली. निवृत्त झाल्यापासून पेटी उघडली नव्हती. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी शीतगृहांच्या नळ्या जोडल्या होत्या आणि त्यांचा एकही जोड कधी गळला नव्हता.

"घरचा नळ सोडून," त्यांची बायको प्रत्येक वेळी पुस्ती जोडायची. स्वयंपाकघरातला नळ गेली चार वर्षं ठिबकत होता. दिव्याखाली अंधार.

बायको खिडकीपाशी वायरी घेऊन बसली होती. वीज पुरवणाऱ्या डब्यातून निघणाऱ्या चोवीस वायरी, प्रत्येकीवर विणलेल्या धाग्याचं निळं आवरण चढवायचं, टोकं गरम करून आवळायची, मग सगळ्या एका ओळीत बसवायच्या. ओळ मोडू नये म्हणून मध्ये दात असलेल्या छोट्या पट्ट्या होत्या.

"याला काय म्हणायचं?" तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"कंगवाच म्हणतात, आई."

"बरं झालं. तू केस कापलेस, निदान याला तरी वेणी घालते."

मुलीने मानेवरच्या आखूड केसांतून हात फिरवला होता आणि आईच्या शेजारी जमिनीवर बसून एकेक वायर तिच्या हातात देत राहिली होती.

आठ दिवसांची रजा होती. त्यातले सात सरत आले होते. एक दिवस संगणकाच्या समोरची जाळी करण्यात गेला. पितळेच्या पत्र्याला मिस्त्रींनी हाताने तीनशे बारा भोकं पाडली आणि दुसरा अख्खा दिवस प्रत्येक भोकाची धार कानशीने मारण्यात घालवला. मुलगी म्हणाली, "एवढं कोण बघणार आहे?" ते म्हणाले, "बोट फिरवशील तेव्हा कळेल." खरं तर त्यांना काम पुरवून पुरवून करायचं होतं. ती गेली की घर खायला उठणार हे त्यांना ठाऊक होतं. पण "राहा" हा शब्द या घरातून गेला होता आणि तो त्यांनीच घालवला होता. सहा वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी निघाली, तेव्हा रागाच्या भरात ते म्हणाले होते, "जायचं त्यानं जावं. मागून अडवणारा मी नाही." तिनेही तो शब्द पाळला. वर्षातून दोन दिवस यायची, ठरल्या गाडीने जायची. कापलेली नळी परत लांब होत नाही, असं ते हाताखालच्या माणसांना सांगायचे. बोललेल्या शब्दाचंही तेच झालं होतं.

वाळू झटकून, नळी धुऊन, टोकांना टाकणखार लावून त्यांनी शेवटचा जोड झाळला. अकरा वाजता मुलीने टाकीत पाणी भरलं आणि नुसत्या पंपाला वीज दिली. नळ्यांतून बुडबुडे धावले, वळणांवर अडले, मग पाणी शांतपणे फिरू लागलं. प्रत्येक जोडाच्या खाली तिने पांढऱ्या टिपकागदाची घडी ठेवली.

"चोवीस तास कागद कोरडे राहिले तरच बाकीच्याला वीज द्यायची," ती म्हणाली. "एक जरी ओला झाला, तर तो जोड सोडवायचा, परत करायचा आणि परत चोवीस तास."

"आम्ही दोन दिवस ठेवायचो. आणि कागद नाही, खडू."

लहानपणी मिस्त्रींच्या कामाच्या शेडमध्ये जोडांना खडू फासायचं काम तिचंच असे. पाण्याचा थेंब जरी झिरपला तरी खडूवर काळी रेघ उमटते, ती लपत नाही.

"आता खडूबिडू नको हं, बाबा. संगणकाची ही बाजू काचेची आहे, आतलं सगळं दिसतं. कागद पुरे."

"बरं."

ती आंघोळीला गेली, तेव्हा मिस्त्रींनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि प्रत्येक जोडाला मागच्या बाजूने, दिसणार नाही असा, फासून घेतला. जन्माची खोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पेला घेऊन पाणी प्यायला उठले आणि पेल्यासकट संगणकापुढे जाऊन उभे राहिले. पंप मांजरासारखा गुरगुरत होता. कागद कोरडे. तिची गाडी दुपारी एकची होती. अकराला चोवीस तास भरतील, ती बाकीच्या वायरी जोडेल, दिवे लागतील, सगळे छान म्हणतील, आणि ती सगळं खोक्यात भरून निघेल. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. दोन थेंब पुरले असते. दोन थेंबांत एक दिवस. पण चाळीस वर्षांचं नाव स्वतःच्या हाताने बुडवायचं? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि ते दाढीला बसले.

दाढी आज जरा लांबली. परत आले तेव्हा खालच्या जोडाखालच्या कागदावर बटणाएवढा ओला डाग होता.

त्यांनी चष्मा शोधला, गुडघे टेकून वाकले, जोडाखालून बोट फिरवलं. बोट कोरडं आलं. मग त्यांनी छोटा आरसा मागे धरला. खडूचं कडं जसंच्या तसं होतं, पांढरं, अखंड. वरून थेंब उतरलाच नव्हता आणि खाली कागद मात्र भिजला होता.

ते तडक स्वयंपाकघरात गेले. बायको भांडी विसळत होती.

"तू पाणी शिंपडलंस?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कशावर?"

"त्या कागदावर."

"मी? वायरी झाल्यापासून त्या यंत्राच्या वाऱ्यालाही उभी नाही मी. शॉक बसला म्हणजे!" तिने हात पुसले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का हो? गळलं का काय?"

नळ ठिबकत होता. बायको जवळ आली आणि तिचाही आवाज खाली गेला.

"एक सांगू? काल तिची बॅग आवरायला घेतली, तर तळाशी प्लॅस्टिकच्या नळीचं भेंडोळं होतं. कोरं, वेष्टनातलं. मी म्हटलं, हे गं कशाला? तर म्हणाली, अगं, ही हातानेच वाकते, दुकानदाराने पहिल्यांदा हीच दिली होती. आणि घाईघाईने कपड्यांखाली सारली."

मिस्त्री तिथेच ओट्याला टेकून उभे राहिले. बाहेरच्या खोलीत मुलगी कपाट उघडत होती, मिटत होती. निघणारं माणूस सामान भरतं, तसा आवाज नव्हता तो. गेल्या सहा वर्षांत आपण एकदाही दारापर्यंत पोचवायला गेलो नाही, हे त्यांना आठवलं.

ते परत संगणकापाशी गेले. वाकून खालच्या जोडाच्या मागचा खडू अंगठ्याने नीट, सगळीकडून पुसून काढला. मग उभे राहून हाक मारली.

मुलगी दारात आली. कागदाकडे तिने पाहिलं, त्यांच्याकडे नाही.

"ओला झालाय," मिस्त्री म्हणाले.

"कुठला जोड?"

"खालचा." त्यांनी ओल्या कागदाची घडी उचलली. "माझाच चुकला. झाळताना घाई झाली."

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन थांबली होती. हे वाक्य तिने लग्नापासून ऐकलं नव्हतं. तिने बोलायला तोंड उघडलं आणि, नवलच म्हणायचं, मिटून घेतलं.

"म्हणजे परत चोवीस तास," मुलगी हळूच म्हणाली.

"चोवीस कसले? सोडवायचा, घासायचा, नव्याने झाळायचा. दोन दिवस धर." ते थांबले. पुढचा शब्द त्यांना वाळू भरलेल्या नळीसारखा जड गेला. "राहा."

मुलीने मान वर केली. मग तिने गाडीचं तिकीट पुढं ढकलायला फोन काढला, आणि काढता काढता तिची नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली. अंगठा पांढरा झाला होता. तिने अंगठ्याकडे पाहिलं, जोडाकडे पाहिलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली. शेडमध्ये लहानपणी चोरी पकडली जायची तेव्हा व्हायची, तशीच.

खुंटीवरचं फडकं काढून तिने त्यांच्यापुढे धरलं.

"अंगठा पुसा, बाबा," ती म्हणाली. "आणि तो स्वयंपाकघरातला नळपण सोडवू या. दोन दिवस आहेत."