चारशे बारा वाक्यं

छत्तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला यंत्राची कसली भीती, असं लोकांना वाटायचं. पण रिटायर झालेल्या त्या टर्नरला घरातल्या एका यंत्राची धडकीच भरायची. बाहेरच्या खोलीतला बारा वर्षांचा जुना कॉम्प्युटर. कारण त्याच्या बायकोचा आवाज त्यात होता.

अडीच वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढण्यावाचून इलाज नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा हॉस्पिटलात बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी एक वाट सुचवली. ऑपरेशनच्या आधी रोजच्या गरजेची वाक्यं तिच्याच आवाजात भरून ठेवायची. नंतर यादीतल्या वाक्यावर बोट ठेवलं, की कॉम्प्युटर ते बोलणार. यादी बाईंनीच दिली. दार-खिडक्या लावून ती नऊ दिवस माइकसमोर बसली. चारशे बारा वाक्यं झाली.

ऑपरेशन पार पडलं. ती घरी आली त्याच संध्याकाळी टर्नरने तिला खुर्चीत बसवून कॉम्प्युटर सुरू केला. ‘मी बरी आहे,’ असं त्यातून आलं, अगदी तिचाच स्वर. टर्नरच्या डोळ्यांना धार लागली. तिने मान हलवली आणि पुढचं वाक्य शोधायला लागली.

तेव्हापासून तो त्या यंत्राला फुलासारखं जपायचा. दर रविवारी पंखा पुसायचा, धूळ उडवायचा. मात्र सिस्टीमचं अपडेट आलं की ‘नंतर आठवण करा’ हे ठरलेलं. चालत्या गाडीला खीळ कशाला? हॉस्पिटलाने वाक्यांचा तो प्रोग्रॅम बनवणारा विभागच बंद केला होता. नव्या मशीनवर तो चालत नव्हता. जुन्यावर चालत होता, तोही त्यातल्या जुन्या साउंड कार्डाच्या कृपेने.

मग कोपऱ्यात एक पिवळी पट्टी दिसायला लागली. ‘या सिस्टीमची मुदत संपत आहे.’ पट्टी रोज यायची. पुढे हॉस्पिटलाचे रिपोर्ट त्यावर उघडेनात.

परगावी असलेली मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, असं मशीन नेटला जोडून ठेवणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं. उद्या काही शिरलं तर आईची वाक्यंही जातील.”

हे मात्र त्याला पटलं. त्याने अपडेट केलं, तेही टर्नरच्या पद्धतीने, आधी माप घेऊन. वाक्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, पण ती त्या प्रोग्रॅमशिवाय वाजत नव्हती. कार्डाचा नंबर, कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमची तारीख, सगळं वहीत उतरवलं. मग बटण दाबलं. तीन तास पडद्यावर टक्के सरकत राहिले आणि तो खुर्चीवरून हलला नाही.

मशीन सुरू झालं. सगळं झकास दिसत होतं. त्याने यादीतलं पहिलं वाक्य दाबलं आणि आतून एक जाड, घोगरा, अडखळणारा पुरुषी आवाज आला. नव्या सिस्टीमने कार्डाचा जुना ड्रायव्हर काढून स्वतःचा बसवला होता.

दारात उभ्या असलेल्या बायकोने ते ऐकलं. तिचे खांदे हलले. ती हसतेय हे कळायला त्याला एक क्षण लागला, कारण तिच्या हसण्याला आता आवाज नव्हता.

त्याला मात्र हसू आलं नाही. त्याने ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला, दुसरा आणून पाहिला. कार्ड बनवणाऱ्या कंपनीची साइटच उघडत नव्हती, कंपनी कधीच बंद पडली होती. शेवटी हात टेकून जुन्या सिस्टीमवर परत जायचं ठरवलं, तर ते बटणच दिसेना. मागे जायची मुदत दहा दिवसांची होती. तो अकरावा दिवस होता.

“मीच घालवला,” तो मुलीला फोनवर म्हणाला. “तुझ्या आईचा आवाज दुसऱ्यांदा गेला, तो माझ्या हाताने.”

त्याची जेवणावरची वासना उडाली. रोज सकाळी उठून दुरुस्तीची दुकानं पालथी घालायची. लोक म्हणायचे, काका, नवीन घ्या. इकडे ती लिहायला लागली होती. आधी भाजीच्या यादीमागे, मग एका वहीत. आज गॅस संपला. शेजारीण भेटली, तिच्या सुनेचं असं असं झालं. पानंच्या पानं. तो ‘बरं बरं’ म्हणत वरवर वाचायचा आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसायचा.

तेविसाव्या दिवशी बाजाराच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे खोकंभर जुन्या सीडी निघाल्या. त्यांत त्याच नंबरच्या कार्डाची सीडी होती. टर्नर अक्षरशः धावत घरी आला. ड्रायव्हर बसला. सिस्टीमने तो पुन्हा बदलू नये म्हणून त्याने आपोआप बदलण्याची सोयही बंद केली. आणि वाक्य दाबलं.

‘अहो, चहा झालाय.’

स्वच्छ, जसाच्या तसा. त्याने आणखी एक दाबलं, आणखी एक. ती ओल्या हातांनी आतून आली. तो तिच्याकडे बघून लहान मुलासारखा हसत होता. तिने टेबलावरची वही ओढली आणि लिहिलं, “बंद करा.”

“अगं, आला ना परत.”

तिने लिहिलं, “तुम्हाला आला. माझा नाही तो. माझा गेला, तेव्हा घरी येऊन मला रडायचं होतं. तुम्ही कॉम्प्युटर सुरू केलात.”

तो वाचत राहिला. पेन्सिल थांबली नव्हती.

“या चारशे बारांत भांडायचं एक वाक्य नाही. सगळी गोड. दोन वर्षं मी तुमच्याशी धड भांडलेही नाही. हे तेवीस दिवस मी बोलत होते, आणि तुम्ही दुकानं हिंडत होतात.”

“आधी का नाही सांगितलंस?” असं विचारावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कशाने सांगणार होती? यादीत ते वाक्य नव्हतं, आणि वही तो वरवर वाचत होता.

त्याने मशीन बंद केलं. वही घेतली आणि पहिल्या पानापासून, या वेळी सावकाश, वाचायला बसला. शेजारणीच्या सुनेचं काय झालं, ते त्याला त्या संध्याकाळी कळलं.

पुढे दहा महिने मिळाले. त्यात ती दोघं पुष्कळ भांडली. ती रागावली की पेन्सिल एवढी दाबायची, की मागच्या पानावर वळ उठायचे. तो मोठ्याने उत्तर द्यायचा आणि उगाच आवाज चढवल्याबद्दल पुन्हा लेखी बोलणी खायचा. हिवाळ्यात दुखणं उलटलं आणि फुप्फुसात उतरलं. शेवटच्या आठवड्यात तिच्या हातात पेन्सिल धरायचं बळ राहिलं नाही. तेव्हा नर्सने विचारलं, घरी ते बोलणारं मशीन आहे ना, आणायचं का? त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली, नको. मग तो नुसता तिचा हात धरून बसला. ती बोटाने त्याच्या तळव्यावर अक्षरं काढायची. काही लागायची, काही नाही.

ती गेल्यावर मुलीने कॉम्प्युटर मागितला. तिला ती वाक्यं हवी होती. टर्नरने तो स्वतः पॅक केला, सोबत सीडी ठेवली आणि एका कागदावर बारीक अक्षरात लिहून दिलं: कुठलं अपडेट घ्यायचं, ड्रायव्हरचं कुठलं विचारलं तर नाही म्हणायचं, पंखा कधी पुसायचा.

पोचल्यावर मुलीचा फोन आला. “बाबा, सुरू झालं. अगदी आईच. तुम्हाला ऐकवू?”

“नको,” तो म्हणाला. “तू ऐक.”

मग त्याने विचारलं, “अपडेटची पट्टी आली का गं खाली? सुरक्षेचं असेल तर घेऊन टाक. ड्रायव्हरचं नको.”

“आलीये,” ती म्हणाली.

“मग घे. मी फोन धरून थांबतो.”