पहिले चार बिल्ले

शत्रुघ्नने बिल्ले तिसऱ्यांदा मोजले. सोळाच भरले. वीस असायला हवे होते. एक, दोन, तीन, चार गायब.

आखातातल्या फरवानियातलं, एका गल्लीतलं एका खुर्चीचं सलून. शुक्रवारी दुपारची नमाज आटोपली की सुट्टीवाल्यांची झुंबड उडते, म्हणून मालक जहीरभाईने प्लास्टिकचे बिल्ले आणून ठेवलेले. दाराशी घ्यायचा, बाकावर बसायचं, आकडा पुकारला की उठायचं. बिल्ले कोण नेतो हे शत्रुघ्नला पक्कं ठाऊक होतं. का नेतो हे कळत नव्हतं, आणि तेवढ्यापायी त्याला जेवण जात नव्हतं.

नेणारा ओतिएनो. केनियाचा, अर्दियातल्या एका गोदामावर पहारेकरी. चार शुक्रवार तो सगळ्यांच्या आधी आला, उरलेल्यातला पहिला बिल्ला घेऊन बसला. त्याची पाळी आली की शत्रुघ्न त्याच्या कानाशी वाकून पुटपुटायचा, "तुम्हारा बाल मेरे को नहीं आता. बुकरा, सदीक." सदीक म्हणजे दोस्त, बुकरा म्हणजे उद्या, आणि हा उद्या कधी उजाडायचा नाही हे दोघांनाही कळत होतं. मग पुढचा आकडा. खरं कारण जहीरभाईचं फर्मान: काला आदमी कुर्सी में नहीं, बाकी ग्राहक भागेगा. ओतिएनो भांडत नसे. दिवे मालवेपर्यंत बसायचा आणि 'शुक्रिया' म्हणून बिल्ल्यासकट निघून जायचा.

भांडला असता तर शत्रुघ्न निर्धास्त झाला असता. भांडणारा माणूस कळतो. हा कोण? म्युनिसिपालिटीचा खबऱ्या? मोबाइलवर चोरून शूटिंग करणारा?

"धंदा बुडवायला कुणीतरी धाडलेला हाय ह्यो," चौथ्या शुक्रवारी शत्रुघ्न परीक्षितसाहेबांच्या मानेवर पावडर मारत म्हणाला. साहेब पुण्याचे, तेल कंपनीत इंजिनियर. मराठीत केस कापून घ्यायला फहाहीलहून गाडी काढून येत.

"जहीरला सांगून ठेव," साहेब म्हणाले. "मी तसल्या विचारांचा नाही हं, पण हायजीन म्हणून काही असतं. बरं, ते सोड. आमच्याकडे आलाय एक गोरा. अनुभव माझ्या निम्मा, आणि केबिन त्याला! मी बाहेर टेबलावर. कातडीचा रंग, दुसरं काय?"

दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून निघाली आणि वाटेत एकमेकांना भेटलीच नाहीत. शत्रुघ्नने नुसता पावडरीचा ब्रश झटकला. त्याचा अकामा जहीरभाईच्या दुकानावर होता. नोकरी गेली की इथे राहण्याचा कागदही गेला, आणि तिकडे लांज्याला मुलगी विशाखा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

पाचव्या शुक्रवारी शटर वर गेलं तर बाहेर चौघे उभे. ओतिएनो आणि त्याचे तीन सोबती. गणवेश इस्त्रीचे, बूट चकचकीत. आत आले, ओळीने बसले आणि प्रत्येकाने आपला बिल्ला गुडघ्यावर ठेवला. एक. दोन. तीन. चार.

मागोमाग बाक भरला. पाच नंबर घेऊन परीक्षितसाहेब, मग दोन मल्याळी आणि एक आंध्रचा ड्रायव्हर.

शत्रुघ्न ओतिएनोच्या कानाशी नेहमीचं पुटपुटला आणि भिंतीकडे बघत ओरडला, "पाच!"

साहेब अर्धे उठले. ओतिएनो आडवा आला नाही. फक्त बिल्ला वर धरला.

"एक बाकी है, भाई." गोदामातल्या बिहाऱ्यांकडून उचललेली हिंदी, पण खणखणीत. "तुमको आता नहीं, या तुम काटता नहीं? आता नहीं तो सबके सामने बोलो. हम चारों जाएगा. फिर कभी नहीं आएगा."

शत्रुघ्नला वाटलं, सुटलो. तीन शब्द बोलायचे की पीडा टळली. त्याने तोंड उघडलं, आणि ते तीन शब्द बाहेर येईनात. बावीस वर्षं हातात कात्री. या हातांनी तान्ह्या पोरांची जावळं काढली होती, मेलेल्या माणसांच्या दाढ्या केल्या होत्या. भरल्या बाकासमोर 'मला येत नाही' म्हणायचं? आणि येत नाही हे तरी कशावरून? हात कधी लावला होता?

"बस," तो खुर्ची वळवून ओतिएनोला म्हणाला.

"शत्रुघ्न!" साहेबांनी मोबाइल काढला. "डोकं ठिकाणावर आहे ना? लावू का जहीरला फोन?"

"लावा, साहेब. माझा हात रिकामा नाय."

साहेब बाहेर गेले. एक मल्याळीही गेला. उरलेले बसून राहिले; न्यायासाठी की तमाशासाठी, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

केस दाट, घट्ट वळणाचे. मशीन दोनदा अडखळलं. ओतिएनोच्या कपाळावरची केसांची रेघ डावीकडे जराशी वर चढली.

"इधर टेढ़ा," ओतिएनो म्हणाला.

"पयलाच हाय ना. पुढच्या टायमाला सरळ," शत्रुघ्न मराठीतच बोलून गेला. ओतिएनोला कळलं असावं, कारण तो हसला.

मग प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायचा तसा शत्रुघ्नने हातातला लहान आरसा त्याच्या मानेमागे धरला. तेवढ्यात काउंटरवर फोन वाजू लागला. पडद्यावर जहीरभाईचं नाव.

ओतिएनो सावकाश मान डावीकडे वळवून पाहत होता. मग उजवीकडे. त्याला काही घाई नव्हती. फोन थांबला आणि पुन्हा वाजला. शत्रुघ्नने आरसा दोन्ही हातांनी धरला होता. तो हलू नये म्हणून त्याने श्वासही रोखला होता.