याल्ला, शायब!

दचकू नका. तोफेचं तोंड तुमच्याकडे असलं, तरी पोटात गोळा नाही. मी रणगाडा बोलतोय, कुवेतच्या एका भंगारच्या यार्डातून.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात लढले. माझा जन्म इंग्लंडातल्या लीड्सचा, जात चीफटन. युरोपच्या मैदानात रशियन रणगाडे अडवायला आम्हाला घडवलं. ते युद्ध काही झालं नाही आणि माझी रवानगी झाली या वाळूत! इंजिन माझं जन्माचं नाजूक. इथल्या उन्हात ते खोकायचं, धूर ओकायचं.

म्हणूनच माझ्या चालकानं, यूसुफनं, मला 'शायब' नाव ठेवलं. शायब म्हणजे म्हातारा. विशीतलं पोर ते! माझ्यात चालकाला बसायला जागा नाही, आडवं पडूनच हाकावं लागतं. आत शिरण्याआधी तो माझ्या पुढच्या पत्र्यावर तीनदा टकटक करायचा आणि म्हणायचा, "याल्ला, शायब!" चल रे म्हाताऱ्या!

नव्वद सालच्या ऑगस्टात इराकी फौजा आत घुसल्या. पहाटे माझा पट्टा तुटला. यूसुफ जखमी सोबत्याला खांद्यावर टाकून धुरात पळाला. मागून गोळ्या सुटत होत्या. मला तोफेचा बुरूज वळवून बघताही येईना. पोर वाचलं की गेलं? तेव्हापासून हाच एक किडा मला आतून कुरतडतोय. वाळू सरकली तरी वाटतं, त्याचीच पावलं.

काल सकाळी गॅस कटर चालवणारा सखाराम आला. मालवणकडचा माणूस. खिशातून झेंडूची फुलं काढून त्यानं कटरवर, ग्राइंडरवर वाहिली. एक उरलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू पण हत्यारच मां रे!" आणि ते माझ्या तोफेवर ठेवलं.

इतक्यात सुपरवायझर विश्वास धावत आला. "सखारामभाऊ, मालकाचा फोन होता. हा रणगाडा आजच कापायचा. संध्याकाळी ट्रेलर येतोय."

तेवढ्यात त्याचा मोबाइल पुन्हा वाजला. "कौन? जाब्रिया हॉस्पिटल में? अच्छा बाबा, बुक्रा आओ." फोन ठेवून तो पुटपुटला, "कोणी म्हातारा फौजी आहे. यार्डायार्डातून आपला रणगाडा शोधत फिरतोय. आज डायलिसिस आहे म्हणे, उद्या येतो. उद्या काय बघणार, तुकडे?"

माझ्या पोलादाला घाम फुटायचा बाकी होता. ओरडावंसं वाटलं, नाव विचार रे त्याचं! पण रणगाड्याचं ऐकतंय कोण?

सखाराम जागचा हलला नाही. "आज खंडेनवमी. हत्यारां पुजलंय. आज तेंका हात लावचंय नाय."

"अहो, हे काय मालवण आहे? मालक मला उभा जाळेल!"

"जाळूंदे. मी उद्या सकाळीच येतंय."

विश्वासनं डोकं खाजवलं. तोफेवरच्या फुलाकडे बघितलं. मग मालकाला फोन लावून बेधडक ठोकून दिलं, "गॅस खलास, अरबाब. सिलेंडर बुक्रा." सखारामनं कापायला नकार दिला तो देवासाठी की त्या फौजीसाठी, कोण जाणे! माझी रात्र मात्र सरता सरेना.

आज उजाडताच एक म्हातारा काठी टेकत आला. दंडाला पट्टी, पाठीत वाक. मी नीट निरखलं. हा कुठला माझा यूसुफ! माझं पोर तर ताठ होतं. माझी आशा सुटली.

म्हातारा पुढे आला. माझ्या पत्र्यावर टकटक झाली. एकदा, दोनदा, तीनदा.

"याल्ला, शायब!"

वाचलं होतं रे माझं पोर! माझ्या पत्र्याला गाल लावून तो रडला, मग हसला. सखारामला म्हणाला, "अब मैं भी शायब." तोफेवरचं सुकलेलं फूल दाखवून त्यानं विचारलं, "ये क्या?"

"आपके गाडी का पूजा किया," सखाराम म्हणाला. यूसुफनं ते फूल उचलून खिशात ठेवलं आणि मागे वळून बघत बघत गेला.

सखाराम अजून कटर हातात धरून तसाच उभा आहे. पेटव रे बाबा, आता माझी काही तक्रार नाही. फक्त एवढं कर. त्यानं टकटक केली ना, तो पत्रा सगळ्यात शेवटी काप.