हळदीच्या मांडवात कावीळ

लग्नसराईत विचुंब्याचा दादूमामा पिवळा दिसतो, यात नवल काहीच नाही. पनवेलपासून उरणपर्यंत एकही हळद त्याच्यावाचून लागत नाही, आणि हळदीला आलेला माणूस कोरडा परत गेला तर यजमानाची अब्रू जाते. एक हळद धुतली जायच्या आत दुसरीचं बोलावणं हजर. चैत्रापासून पावसापर्यंत मामाचा मूळ रंग कोणता, हे मामीलाही आठवावं लागतं. तो कळंबोलीच्या चौकात रस्ता ओलांडायला उभा राहिला की सिग्नल पिवळा झाला समजून ट्रकवाले ब्रेक मारतात, असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. पण ट्रक थांबतात, हे खरं.

मामाला एवढी बोलावणी येत ती पन्ह्यासाठी. कैऱ्या यजमानाच्या, गूळ यजमानाचा, पाणी मात्र मामाच्या परसातल्या विहिरीचं. "चव पान्याला हाय, कैरीला नाय," तो म्हणायचा. निळी पिंपं टेम्पोत भरून, त्यांच्यावर स्वतः बसून, काळा गॉगल लावून तो मांडवाशी उतरला की नवरदेवापेक्षा त्याचे फोटो जास्त निघत.

त्याची भाची रंजिता आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होती. त्या उन्हाळ्यात नेऱ्यात, रोडपालीत आणि विचुंब्यात एकदमच कावीळ निघाली. तीन ठिकाणं, तीन वेगळी पाणी.

"हे सगळे कुठेतरी एकच पाणी प्यायलेत," केंद्रातल्या डॉक्टर आभा म्हणाल्या. "कुठे ते शोध. आणि लवकर शोध, नाहीतर आपणही पिवळे होऊ."

आजाऱ्याला काय खाल्लं-प्यायलं ते विचारायचं, हे रंजिताचं काम. ऐकायला सोपं वाटतं. नेऱ्याच्या एका फार्महाऊसचा राखणदार जीवन अंथरुणातूनच म्हणाला, "ताई, मी भायेरचं काय पन खात नाय."

"काहीच नाही?"

"वडापाव सोडून."

"बरं. आणि?"

"भेळ. पन ती भायेरची कशी, ती स्टेशनासमोरची."

रंजितानं कपाळाला हात लावला आणि रोडपाली गाठली. तिथं चौथ्या मजल्यावर बँकेत नोकरी करणाऱ्या अनुया मॅडम पिवळ्याजर्द होऊन सोफ्यावर पडल्या होत्या. "आमच्याकडे आरओ आहे," त्यांनी रंजिता दारात असतानाच सांगितलं. बसल्यावर पुन्हा सांगितलं.

"कावीळ महिन्यानं दिसते. महिनाभरापूर्वी कुठे हळदीला वगैरे गेला होतात?"

"कलीगच्या गेले होते. पण तिथे मी काही खाल्लं नाही हं, फार तेलकट होतं. फक्त पन्हं घेतलं. ते कसं, नॅचरल असतं."

"किती?"

"मोजलं नाही," मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या.

रंजितानं तिथूनच जीवनला फोन लावला. "दादूमामाचं पन्हं प्यायलास का रे कुठे?"

"हो तर, हळदीला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी खाल्लं काय ते विचारलंत ताई. ते तर प्यालो."

रंजिता तडक मामाच्या परसात गेली. मामा कुठल्यातरी हळदीला गेलेला. विहिरीमागं नवा टॉवर उभा राहिला होता आणि त्याच्या संडासाची टाकी विहिरीपासून मधल्या केळीच्या बनाइतकीच लांब होती. आणि केळी तरी कशा माजलेल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बायका खिडकीतून हात काढून घड तोडत. केळी कशावर माजल्या, ते रंजिताला वासावरूनच कळलं. गेल्या वर्षी ती जंतुनाशक पावडर घेऊन आली होती, तेव्हा मामानं तिला चहा पाजून बाहेर काढलं होतं. "विहिरीला पावडर? ती काय नवरी हाय?"

तिनं तपासणीच्या बाटलीत पाणी भरून घेतलं. पाण्यात घाण असली की ही बाटली काळी पडते. सकाळी बघते तर बाटली मामाच्या गॉगलपेक्षा काळी.

आणि त्याच दुपारी विचुंब्यातच कमळाकरशेठ पाटलांच्या भावेशची हळद. अर्ध्या तालुक्याला आमंत्रण. मामाला फोन लावला तर नुसता डीजे ऐकू येई. रंजितानं स्कूटर काढली.

ती पोचली तेव्हा पिंपं मांडवात ओळीनं उभी होती, झाकणं अजून बांधलेली. हौसाआजी धवलारीण लग्नाचं गाणं म्हणत होती. तिचं गाणं संपल्याखेरीज त्या घरात नवरदेवाला शिंकायचीही परवानगी नव्हती, पन्ह्याची तर बातच सोडा. गाणं संपलं की झाकणं उघडणार होती. रंजिता गर्दीतून मामापर्यंत पोचेस्तोवर चार बायकांनी तिलाही नखशिखान्त हळद फासली.

"मामा, ह्ये पन्हं वाटू नको."

"का? गूळ कमी झाला?"

"तुज्या विहिरीत कावीळ हाय."

"विहिरीत कासव हाय. कावीळ कुठून येल?"

तिनं बाटली पुढं केली. कमळाकरशेठनं ती उन्हाला धरली. "ही तर कोला हाय."

"शेठ, हे या पन्ह्याचं पाणी हाय."

"पान्याची आपसूक कोला होते? मग माझ्या विहिरीची पन कर की."

सगळा मांडव हसला. मामा तेवढा हसला नाही. "पोरी, तुला या खांद्यावर बसवून गनपती दाखवले. आन तू भरल्या मांडवात माझ्या पान्याला नावं ठेवतंस? मी रोज त्येच पितो. मला काय झालंय?"

रंजितानं त्याच्याकडं नीट पाहिलं. पिवळा. पण तिथं कोण पिवळं नव्हतं?

"मामा, भूक लागते का?"

"उन्हात कोनाला लागते?"

"आज मटण खाल्लंस?"

मामानं मान फिरवली. "नको वाटतं. वास सोसत नाय."

डीजेवाल्यानं आपण होऊन मशीन बंद केलं. आचाऱ्याच्या हातातली पळी पडली. हळदीच्या मांडवात मटणाचा वास न सोसणारा पाहुणा विचुंब्यानं पाहिला नव्हता. हौसाआजीचं गाणं जन्मात पहिल्यांदा ओळीच्या मध्ये थांबलं.

"धुवा त्याला," ती म्हणाली.

मामाला बाकावर बसवून घासायला सुरुवात झाली. बेसन झालं, खोबरेल झालं, काथ्या झाला, शेवटी भांड्यांची पावडरही आली. पिवळं पाणी मांडवाबाहेर वाहत गेलं आणि तिथं झोपलेलं पांढरं कुत्रं पिवळं होऊन उठलं. मामाच्या दंडावर गोंदलेलं मामीचं नाव वर आलं. त्याच्या खाली आणखी एक नाव निघालं, ते मामीनं वाचलं. पण तो विषय वेगळा. हळद सगळी गेली, तरी मामा पिकल्या केळ्यासारखाच.

"जुनी हळद हाय," मामा म्हणाला. "मुरलीय."

"गॉगल काढ, मामा. डोळ्यांत कोण हळद लावतं?"

मामानं जरा वेळ लावला. मग गॉगल काढला. त्या डोळ्यांपुढं मांडवातली झेंडूची फुलंही फिकी दिसली. "अगं बाय," हौसाआजी म्हणाली आणि पन्ह्यासाठी धरलेला रिकामा ग्लास तिनं खाली ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले.

मामा उठला, ओल्या पंच्यानिशी पिंपांजवळ गेला आणि पहिल्या पिंपाला लाथ घालायला पाय उचलला.

"थांब," रंजिता म्हणाली. "उताराला शेठची विहीर हाय."

पाय तसाच हवेत धरून मामानं तिच्याकडं पाहिलं. मग, रंजिता आल्यापासून पहिल्यांदाच, हसला. "ही माझी भाची हाय," तो कमळाकरशेठना म्हणाला, जसं काही तोच तिला मांडवात घेऊन आला होता.

पिंपं झाकणांसकट टेम्पोत चढली. आचाऱ्यानं मटणाच्या पातेल्यात शेठच्या विहिरीचं पाणी खळखळून उकळलं आणि त्याचं पन्हं केलं. कढत पन्हं, तेही भर उन्हात. पाहुणे फुंकर मारमारून प्यायले आणि यंदाची चव काही वेगळीच हाय, म्हणाले. ती मटणाची होती.

रंजितानं मामाला स्कूटरवर मागं बसवलं. विचुंबं मागं पडल्यावर तो हळूच म्हणाला, "टाक त्या विहिरीत तुझी पावडर. त्या टाकीवाल्याकडं मी बघतो."

"आधी तू बरा हो."

केंद्राच्या दारात डॉक्टर आभा उभ्या होत्या. मामाचे डोळे बघून त्यांनी मान हलवली. मग त्यांची नजर रंजिताकडं गेली. ती केसांपासून चपलेपर्यंत पिवळी होती.

"रंजिता, तू पण?"

"नाही मॅडम, ही हळद आहे. लग्नातली."

"सगळे असंच म्हणतात," म्हणत डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"तसं कळायचं नाय डॉक्टर," मामा मागून म्हणाला. "आधी धुवा तिला."